पुढचा महिना मी नाही

उद्या यमदूत दारात येऊन "चला" म्हणाला, तर आमचे थोरले साडू त्याला आधी खुर्ची देतील, मग कॉफी देतील, आणि ती पिऊन झाल्यावर शांतपणे विचारतील की महिन्याच्या अधेमधे ही कसली यायची वेळ. पहिल्या तारखेच्या आत कळवलं असतं तर तशी तजवीज करून ठेवली असती. यात मी तिखटमीठ लावलंय असं त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही वाटणार नाही. आमच्या साडूंचं आयुष्य गेली कित्येक वर्षं महिन्यामहिन्यानं चाललेलं आहे. आपण माणसं दिवसानं जगतो, फार तर आठवड्यानं. ते महिन्यानं जगतात, आणि तो महिना सुरू होण्याच्या आधी त्यांनी तो मनातल्या मनात एकदा जगून घेतलेला असतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत निघतं आणि पुष्कळदा कन्नडमध्ये जाऊन पोचतं. आमच्या अक्का लग्न होऊन मिरजेहून त्या घरात गेल्या तेव्हा म्हणे त्यांना सासू काय सांगते ते निम्मंच कळायचं. आता त्या स्वतः पालेभाजीला सोप्पु म्हणतात आणि आपण काही वेगळं बोललो हे त्यांच्या गावीही नसतं. मी म्हैसूरजवळच्या कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी धरून बायकोसह इथे आलो तेव्हा या शहरात आम्हाला ओळखीचं असं हे एकच घर होतं. नव्या बिऱ्हाडाला लोक घड्याळ देतात, गणपतीची तसबीर देतात. साडूंनी आम्हाला आमच्या पहिल्या महिन्याचं बजेट दिलं. फुलस्केप कागदावर, समास आखून, खाली सही करून. माझा पगार किती हे त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्या बुटांवरून आणि बायकोच्या छत्रीवरून अंदाज बांधला होता, आणि तो इतका बरोबर निघाला की मी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडे जाताना चपला घालून जात असे.

ते बँकेत होते. मेटगळ्ळीच्या शाखेचे मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि भाषणं झाल्यावर ते घरी आले, हातपाय धुतले, आणि अक्कांना म्हणाले की आजवर आपलं घर पगारावर आपोआप चालत होतं, यापुढे ते चालवावं लागेल. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी विजयनगरच्या त्या घरात, नाश्ता झाल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बजेटची बैठक भरते. बैठकीला साडू इस्त्रीचा शर्ट आणि फुलपँट घालून बसतात. घरच्या लेंग्यावर पैशाबद्दल बोलणं त्यांना बरं वाटत नाही. समोरच्या खुर्चीत अक्का. त्यांच्या हातात निवडायची भाजी असते, कारण नुसतं ऐकत बसणं त्यांना बरं वाटत नाही. आम्ही कधी त्या वेळी गेलो तर आम्हाला उप्पिटाचा अधिकार असतो, मताचा नसतो.

साडूंच्या बजेटात खर्चाच्या तीनच जाती आहेत. बेकु, म्हणजे हवंच. बेड, म्हणजे नको. आणि तिसरी नोडोण, म्हणजे बघू या. तांदूळ, वीज, औषधं, कॉफी पूड हे बेकु. हॉटेलातलं पाणी, दुकानातल्या पिशव्या आणि भाच्यांच्या लग्नातले आहेराचं कापड हे बेड. बाकी सगळा संसार नोडोणमध्ये. अक्कांचा नवा मिक्सर तिथे इतका काळ होता की अखेर जुनाच मिक्सर परत नव्यासारखा वाटू लागला. आमच्या मुलीनं लहानपणी त्यांना विचारलं होतं की काका, आईस्क्रीम कशात येतं, तर त्यांनी तिला मांडीवर घेऊन नीट समजावलं की उन्हाळ्यात ते बेकुमध्ये येतं, दिवाळीनंतर नोडोणमध्ये, आणि खोकला असेल तर बेडमध्ये. मुलीला ते इतकं पटलं की तिनं आमच्याकडे पुढचे दोन महिने काहीही मागितलं नाही, फक्त जाती विचारल्या.

त्यांच्या घरात माणूस एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत गेला की त्याच्या मागे पंखा बंद होतो. एकदा मी बसलेलो असतानाच माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला. मी वर पाहिलं, तर साडू बटणाशी उभे. "तुम्ही उठणारच होता की," ते म्हणाले. खरंच उठणार होतो. फोनवरून पैसे देणं त्यांनी लवकर शिकून घेतलं, पण ते त्यांना मनापासून आवडत नाही. नोट देताना हाताला कळतं, फोननं दिले की पैसे गेल्यासारखेच वाटत नाहीत, अशी त्यांची तक्रार. म्हणून फोनवर पैसे दिले की ते क्षणभर डोळे मिटून उभे राहतात. भाजीवाल्या बायांना वाटतं, सज्जन माणूस, प्रार्थना करतो.

एवढ्यावरून कुणी त्यांना चिक्कू म्हटलं तर ते चूक आहे, आणि अक्का तसं कुणाला म्हणू देत नाहीत. दसऱ्याला महाराष्ट्रातून नातेवाइकांच्या झुंडी म्हैसुरात उतरतात, आणि त्या सगळ्या त्या घरात उतरतात. तेव्हा साडू स्वतः सकाळी देवराज मार्केटला जाऊन नंजनगूडची रसबाळे केळी आणतात, पाहुण्यांना गाडी करून देतात, आणि कुणी पाकीट काढलं तर त्यांना खरोखर वाईट वाटतं. त्यासाठी ते बाकीचे महिने बसनं फिरतात. त्यांना पैसे जाण्याचं दुःख नसतं. न सांगता जाण्याचं असतं.

तर असा हा माणूस एका गोष्टीनं हलला, ती गोष्ट मागच्या वर्षीची.

घराजवळच्या उद्यानात सकाळी फिरायला येणारे त्यांचे एक स्नेही होते. इंजिनिअर, निवृत्त, बोलके. एके सकाळी ते आले नाहीत, आणि मग कळलं की ते आता येणारच नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर महिन्याभरानं साडू काही कामानं बँकेत गेले, तर तिथे त्या स्नेह्यांच्या पत्नी पासबुक हातात धरून मधोमध उभ्या होत्या. कुठल्या खिडकीशी जायचं ते त्यांना कळत नव्हतं. साडूंनी त्यांचं सगळं काम करून दिलं, रिक्षात बसवून दिलं. बाई जाताना म्हणाल्या, यांनी मला कधी कशाचा त्रास होऊ दिला नाही हो. त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या. त्या महिन्याच्या बैठकीत साडूंनी टोमॅटोच्या भावावर एक शब्द काढला नाही, तेव्हा अक्कांनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं की यांची तब्येत बरी दिसत नाही.

पुढच्या बैठकीला त्यांनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. शर्ट नेहमीपेक्षा कडक होता. अक्का घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. साडूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पुढचा महिना मी नाही."

अक्कांनी कुठे जाणार म्हणून विचारलं. कुठेच नाही, ते म्हणाले, इथेच आहे, पण नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. त्यांच्यामागे अक्कांना जेवढी पेन्शन मिळेल तेवढीच रक्कम पहिल्या तारखेला अक्कांच्या हातात येणार. बँक, बिलं, सिलिंडर, घरपट्टी, औषधं, सगळं अक्कांनी बघायचं. ते वरच्या खोलीत राहणार. त्यांना काहीही विचारायचं नाही, आणि त्यांनी काहीही सांगायचं नाही. अडलं तर काय करायचं, असं माझ्या बायकोनं विचारलं. तर साडू म्हणाले, अडायचंच, आता अडलेलं बरं. हे बोलताना ते टेबलाकडे बघत होते.

अक्कांनी शेंगा बाजूला ठेवल्या. मला वाटलं रडतील, किंवा अभद्र बोलू नका म्हणून दटावतील. त्यांनी जरा विचार केला आणि एवढंच विचारलं, "मग जेवायला आहात की नाही?"

याचा विचार साडूंनी केला नव्हता. सगळ्या योजनेत तेवढी एकच फट राहिली होती. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की ते वरच्या खोलीतले भाडेकरू समजले जातील, जेवणखाणाचे पैसे देतील, आणि ताट वर जाईल.

पहिली तारीख आली आणि अक्कांनी कारभार हातात घेतला. पहिल्याच दिवशी त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्र बंद केलं, कारण ते वाचणारं माणूस आता घरात नव्हतं. साडूंना हे सकाळी गॅलरीत उभं राहिल्यावर कळलं. पोरानं कन्नड पेपर तेवढा टाकला आणि सायकल पुढे नेली. भाडेकरूला हाक मारता येईना. दुसऱ्या आठवड्यात अक्का बँकेत गेल्या, चुकीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, मग बरोबर खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि घरी येताना विजय साजरा करायला मसाला डोसा खाऊन आल्या. विजेचं बिल त्यांनी फोनवरून भरलं आणि ते गेलं की नाही या शंकेनं परत एकदा भरलं. मग त्याच्या मागे लागून ते पुढच्या बिलात वळतं करून घेतलं. वीज कचेरीतल्या माणसाशी त्या कन्नडमध्ये इतकं भांडल्या की सासूबाई असत्या तर त्यांनी दृष्ट काढली असती. मैत्रिणींबरोबर नंजनगूडला जाऊन देवदर्शन करून आल्या. कितीतरी वर्षं ते नोडोणमध्ये होतं.

आणि मग त्यांनी स्कूटर विकली.

ती स्कूटर साडूंच्या नोकरीतली. चालवणं डॉक्टरांनी कधीच बंद करवलं होतं, पण पोर्चमध्ये ती झाकून उभी असे आणि साडू दर रविवारी तिचं कापड काढून तिला पुसत. अक्कांनी सरळ हिशेब केला की चालवणारा नाही, जागा अडते, गंज चढतोय. गिऱ्हाईक आलं. कागदावर सही मात्र साडूंची लागत होती. अक्कांनी तो कागद सकाळच्या कॉफीच्या ट्रेमध्ये ठेवून वर पाठवला, आणि साडूंनी एक अक्षर न बोलता सही केली. आपण नसल्यावर सही कशी करू शकतो हा मुद्दा त्यांनी उचलला नाही. मी योगायोगानं त्या वेळी तिथे होतो. गिऱ्हाईक स्कूटर ढकलत फाटकाबाहेर नेत होतं तेव्हा वरच्या गॅलरीत साडू कठड्याला धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "विकली ते बरोबरच केलं. एवढ्यात भाव पडलाच असता." आणि थोड्या वेळानं, "आरसा स्वल्प सैल आहे, तेवढं त्याला सांगायला पाहिजे होतं."

महिना संपला. अक्कांनी बैठक बोलावली आणि साडू इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरून आले. अक्कांनी सगळं तोंडीच सांगितलं. कमी पैशात घर चाललं होतं, वर थोडे उरले होते, आणि सिलिंडर कुठून येतो, कार्डाचा आकडा काय, कोण भांडल्याशिवाय ऐकत नाही, हे सगळं त्यांना आता ठाऊक होतं. साडूंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि आयतु म्हणाले, म्हणजे झालं काम. त्यांचा चेहरा एखादं मोठं कर्ज फिटलेल्या माणसासारखा झाला होता. त्यात जरासं आणखी काही होतं, ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही.

अक्का मात्र त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि माझ्या बायकोशी बोलल्या. मी बाहेरच्या खोलीत होतो, त्यामुळे ऐकू आलं. म्हणाल्या की पहिले पंधरा दिवस मजा वाटली, शाळा सुटल्यासारखी. मग एके दिवशी सगळी कामं आटोपून त्या जेवायला बसल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आज सबंध दिवसात कुठे अडलं नाही. "जमलं ग मला," त्या म्हणाल्या. "म्हणून रडू आलं. ते वरच जेवत होते, चमच्याचा आवाज येत होता, तरी."

माझ्या बायकोनं कढई उतरवून ठेवली एवढं कळलं.

पुढच्या बैठकीत, साडू नव्या महिन्याचं मांडायला लागणार एवढ्यात, अक्कांनी हात वर केला. म्हणाल्या की आता पुढचा महिना मी नाही.

साडूंना ते समजेनाच. त्यांच्या सगळ्या योजनांमध्ये आधी जाणार ते स्वतः होते. वय, रक्तदाब, घराण्याचा इतिहास, सगळं धरून तसंच निघत होतं. त्यांनी हे अक्कांना पटवून देण्याचा प्रयत्न केला. अक्का म्हणाल्या की तुमचं गणित चुकणार नाही हे मान्य, पण यमदूत काही सांगून येणार नाही. आणि बॅग भरून त्या आमच्याकडे राहायला आल्या.

साडू नेमानं रोज संध्याकाळी बसनं आमच्याकडे येऊ लागले. अक्कांना भेटायला अर्थातच नव्हे, कारण अक्का नव्हत्या. ते मला भेटायला येत, व्हरांड्यात बसत, आणि आवाज जरा चढवून बोलत. "साडूभाऊ, समजा एखाद्या माणसाच्या घरात डाळीचा डबा आहे आणि डाळ कुठली ते डब्यावर लिहिलेलं नाही, तर त्यानं काय करायचं?" आतून अक्का माझ्या बायकोला सांगत की एखाद्या माणसाला सांग, तूरडाळ मोठ्या डब्यात असते, गेली कित्येक वर्षं तिथेच आहे. एकदा त्यांनी विचारलं की एखाद्या माणसाच्या सारूला, म्हणजे आमटीला, रोज कडवट वास का येत असेल. आतून उत्तर आलं की मेथी करपत असेल, माणसानं फोन खाली ठेवून फोडणी करावी. माझी बायको दोन्हीकडचे निरोप पोचवून पोचवून दमून गेली, पण तिला ते आवडतही होतं. साडू जाताना दरवेळी दाराच्या आत एक नजर टाकत, आणि सांगत की घर सुरळीत आहे, सुम्ने विचारलं, सहज.

असं चाललं असताना एक दिवस ते लवकर आले. ऊन अजून फाटकावर होतं. खुर्चीत बसले, पण 'समजा एखादा माणूस' अशी सुरुवात आज झाली नाही. मीच विचारलं की बजेट कसं चाललंय.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "सगळ्यात उरतंय." मग गुडघ्यांवर हात ठेवून, हळू आवाजात, पहिल्यांदाच आतल्या खोलीला ऐकू जाणार नाही असं बोलले. "खर्चच होत नाही हो, साडूभाऊ. मार्केटमध्ये जातो, सगळं बघतो. काय घ्यायचं ते कळत नाही. मला काही लागतच नाही, असं दिसतंय. इतकी वर्षं मी ठरवत होतो कोणासाठी, बघा."

तेवढ्यात अक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या. त्या नव्हत्या, तरी आल्या. पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, कारण नियम नियमच होता.

"हिला म्हणावं, हा महिना रद्द."

अक्का म्हणाल्या की महिना संपायला अजून अवकाश आहे, आणि मी बँकेत उभी राहिले तसं यांनीही जरा उभं राहावं. पण बोलताना त्यांनी कॉफीचा पेला साडूंच्या आणखी जवळ सरकवला. साडूंनी मान हलवली. "तुला जमलं. जमायलाच पाहिजे होतं, म्हणून केलं मी," ते थेट त्यांना म्हणाले. "मला नाही जमत. आणि मला शिकायचंही नाही. हे राहू दे असंच."

अक्का आत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेच्या चेनचा. साडू कॉफी पीत बसले, अगदी सावकाश, जसं काही पेला संपला की कुणी तरी निर्णय बदलेल. माझ्या बायकोनं जेवून जा म्हटलं. अक्का म्हणाल्या की नको, घरी जाऊन सगळे डबे बघायला हवेत, यांनी काय काय कशात भरलं असेल देव जाणे.

मी रिक्षा बोलावतो म्हटलं, पण दोघंही बस स्टॉपपर्यंत चालत जायला निघाली. साडूंनी बॅग उचलली. ती जड नव्हती, तरी दोन्ही हातांनी धरली होती. रस्त्याच्या कडेला झाडांची सावली लांब पडली होती, आणि त्या सावलीतून दोघं एकाच चालीनं चालत होती. अक्का जरा मागे राहिल्या की साडू थांबत, त्या आल्या की निघत. पुढच्या कोपऱ्यावर अक्कांनी त्यांची कॉलर मागून नीट केली, आणि मग ती दोघं वळणाआड गेली.

बायको फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, फाटक लावून घे, रस्त्यावरची कुत्री आत येतील. तिचा हात तसाच कडीवर होता.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.